रिव्हॉल्वर दिसेल असं लावायचं की झाकून? निपाणीच्या एका व्यापाऱ्याला उत्तर

निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याने विचारलंय. वडिलांची सत्तरी उलटली, त्यांचं .३२ चं रिव्हॉल्वर रीतसर आपल्या नावावर करून घेतलं. हंगामात खरेदीचे पैसे घेऊन चिकोडी, कागल, गडहिंग्लज असं फिरणं असतं, परतायला रात्र होते. मित्र म्हणतात, कमरेला दिसेल असं लाव, बघणारा चार हात लांब राहील. घरातून सांगतात, झाकून ठेवा. अमेरिकेतले व्हिडिओ बघितले तर तिथेही दोन तट. मग काय करावं? आणि आपण नसताना धाकट्या भावाने ते गाडीत ठेवलं तर चालेल का?

मी लष्करात हत्यारांचा उस्ताद होतो. निवृत्तीनंतर बेळगावात बँका, साखर कारखाने आणि कॅश व्हॅनवर लागणाऱ्या गनमनना शिकवतो. वकील नाही, त्यामुळे कायद्याचं जे सांगतोय ते रोजच्या कामापुरतं. तुमच्या परवान्यावर कोणत्या अटी लिहिल्यात ते मला दिसत नाही, आणि पुढचं बरंचसं त्यावरच ठरतं.

घरच्यांचं बरोबर आहे, आणि कायदाही त्यांच्याच बाजूने आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांत आठवा नियम यासाठीच आहे. सार्वजनिक जागी हातातलं हत्यार, म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर, अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत असलं पाहिजे, ते पूर्ण झाकलेलं असलं पाहिजे, आणि बाळगणाऱ्याचा त्यावर ताबा असला पाहिजे. चारचौघांत हत्यार काढून मिरवायला साफ मनाई आहे. म्हणजे उघडं की झाकलेलं हा पर्याय आपल्याकडे नाहीच. शर्ट आत खोचून होल्स्टर बाहेर ठेवलंत आणि कुणी फोटो काढून ठाण्यात पाठवला, तर वडिलांनी इतकी वर्षं सांभाळलेला परवाना एका फोटोवर जाऊ शकतो.

अमेरिकेतले व्हिडिओ त्यामुळे आपल्या कामाचे नाहीत. टेक्सासमध्ये २०१६ पासून परवानाधारकाला पिस्तूल उघडं लावता येतं, २०२१ पासून तर बहुतेक सज्ञान माणसांना परवानाही लागत नाही. तिथे वाद घालायला जागा आहे, म्हणून ते घालतात. होल्स्टर कसं निवडावं, शर्ट कसा उचलावा, एवढं त्यांच्याकडून जरूर शिका.

आता धाकाचं. नियम एक बाजूला ठेवला तरी हा मुद्दा टिकत नाही असं माझं मत आहे, आणि त्याचं कारण आपल्या गावांत आहे. परवान्यासाठी चौकशीला पोलीस घरी आले तेव्हा गल्लीने बघितलं. प्रत्येक निवडणुकीत हत्यार ठाण्यात जमा करायला गेलात तेव्हा बाहेरच्या चहावाल्याने बघितलं. निपाणीसारख्या गावात अमक्याकडे रिव्हॉल्वर आहे हे ज्याला कळायचं त्याला कधीच कळलंय. धाक म्हणून जो काही उपयोग होता तो न दाखवताच मिळतो. उघडं लावून त्यात भर एकच पडते, हत्यार नेमकं कुठल्या बाजूला आहे ते समोरच्याला कळतं.

आणि समोरचा कोण, याचाही विचार करा. दारू पिऊन हुज्जत घालणारा कदाचित बघून मागे सरेल. पण रोकड लुटणारे असे अवचित येत नाहीत. ते आधी माणूस हेरतात, कुठल्या वारी पैसे निघतात, कुठे गाडी थांबते, कोण बरोबर असतं ते बघतात. त्यांना कमरेचं हत्यार दिसलं तर ते येणं रद्द करत नाहीत, फक्त मागून येतात आणि दोघांच्या जागी चौघे येतात. वर पैशांबरोबर रिव्हॉल्वरही घेऊन जातात. चोरीच्या बाजारात त्याची किंमत तुमच्या पिशवीपेक्षा कमी नसते, आणि हरवलेल्या हत्याराचा जबाब तुम्हालाच देत बसावा लागतो.

तुमच्या धंद्यात अजून एक गोष्ट आहे. तुम्ही शेतकऱ्याच्या खळ्यावर बसून दर ठरवता. ग्रेडवरून, ओलाव्यावरून, तूट धरण्यावरून आवाज चढतो, हे निपाणी भागात कुणाला सांगायला नको. अशा बोलण्यात कमरेला रिव्हॉल्वर दिसत असेल तर तुम्ही हातही न लावता समोरचा उद्या म्हणू शकतो, बंदूक दाखवून माल घेतला. भारतीय न्याय संहितेत कलम ३५१ धमकीचं आहे, जिवे मारण्याची धमकी ठरली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. खरं खोटं कोर्टात होईल हो, पण हत्यार त्याच दिवशी जप्त होतं. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या व्यापाऱ्यांना मी सांगतो, सौद्याच्या ठिकाणी हत्यार न्यायचंच नाही. झाकलेलंसुद्धा.

हे झालं तुम्ही विचारलेलं. खरी अडचण तुम्ही सहज लिहून गेलात: कागल, गडहिंग्लज.

निपाणीहून कागलला निघालात की कोगनोळीचा टोलनाका ओलांडून पुढे महाराष्ट्र लागतो. तवंदी घाट उतरून संकेश्वरवरून गडहिंग्लजला गेलात तरी तेच. आपल्या भागात सीमा कुणाला जाणवत नाही. बहीण चंदगडला दिलेली असते, शेत एका राज्यात आणि घर दुसऱ्यात असतं. बेळगावचा माणूस बाची ओलांडून शिनोळीत जेवायला जातो तेव्हा आपण दुसऱ्या राज्यात आलो असं त्याच्या मनातही येत नाही. पण शस्त्र परवान्याला सीमा बरोबर कळते. त्यावर कार्यक्षेत्र लिहिलेलं असतं. कुणाचं फक्त जिल्ह्यापुरतं, कुणाचं कर्नाटकापुरतं, कुणाचं शेजारच्या राज्यांसकट, थोड्यांचं अखिल भारतीय. वडिलांचं काय होतं ते विसरा, तुमच्या नावाने जे निघालंय त्यावर काय लिहिलंय ते बघा. नावावर करताना क्षेत्र आपोआप तसंच येईल असं धरून चालू नका.

त्यावर फक्त कर्नाटक असेल, तर नाका ओलांडल्यावर तुमच्या कमरेचं हत्यार परवान्याबाहेरचं झालं. परवान्याची अट मोडली म्हणून शस्त्र कायद्याचं कलम ३० लावायचं, की विनापरवाना म्हणून त्याच कायद्याचं कलम २५, ते पकडणारा ठरवणार. या दोन्हीत फरक मोठा आहे. पहिल्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. दुसऱ्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच. झाकलेलं होतं की उघडं, हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही.

क्षेत्र वाढवून मागता येतं. परवाना देणाऱ्या कार्यालयात अर्ज करायचा आणि कारण कागदावर दाखवायचं. तुमच्याकडे कारण आहे, महाराष्ट्रातल्या खरेदीच्या पावत्या आहेत, जीएसटीची कागदपत्रं आहेत, ती जोडा. मिळेलच असं नाही, वेळही लागतो. तोवर कागल आणि गडहिंग्लजच्या फेऱ्या हत्याराशिवाय. गोव्याकडे चोर्ल्यावरून किंवा अनमोडवरून जाणाऱ्यांनाही हेच लागू. आणि आपल्या राज्यात फिरतानाही मूळ परवाना बरोबर हवा. पोलीस अधिकारी कलम १९ खाली तो मागू शकतो, तेव्हा मोबाईलमधला फोटो दाखवून भागत नाही.

आता झाकून बाळगणं म्हणजे काय ते बोलू, कारण शर्ट वर ओढला की झालं असं बहुतेकांना वाटतं. नियमातला ताब्याचा भाग मला झाकण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यातलं हत्यार झाकलेलं आहे, पण तुम्ही टपरीवर चहाला उतरलात की ताबा संपला. सीटखाली तर नाहीच, पहिल्या ब्रेकला ते पायात येतं. पैशांच्या पिशवीत ठेवणारे मी बघितलेत. पिशवी हिसकली की दोन्ही गेलं, आणि ज्या क्षणी हत्यार लागणार त्याच क्षणी ते दुसऱ्याच्या हातात. खिशात किल्ल्या आणि सुट्ट्या पैशांबरोबर टाकणं तर मी वर्गातच बंद करतो, कारण चापामागे किल्ली शिरायला वेळ लागत नाही.

राहतं ते कमरेचं होल्स्टर. चाप पूर्ण झाकणारं, कडक चामड्याचं, स्वतः उभं राहणारं. बाजारात मिळणारं मऊ रेक्झिनचं कव्हर घेऊ नका. हत्यार काढलं की ते आत मिटतं, परत ठेवताना त्याची कड चापापाशी येते. पट्टा जाड हवा. आपल्या ऑर्डनन्स फॅक्टरीचं .३२ रिव्हॉल्वर पाऊण किलोच्या आतबाहेर भरतं. साध्या पट्ट्यावर ते दिवसभरात एका बाजूला लोंबायला लागतं, आणि मग माणूस दर पाच मिनिटांनी तिथे हात लावून वर ओढतो. झाकलेलं हत्यार कपड्यातून जितकं दिसतं त्यापेक्षा या हाताच्या सवयीने जास्त कळतं. बाजारात उभं राहून मी माणसाच्या कमरेकडे बघत नाही, हाताकडे बघतो.

कपड्यांचं ज्याच्या त्याच्या अंगावर आहे. पोट सुटलेल्या माणसाला समोर लावलेलं बसताना टोचतं. फटफटीवर पुढे वाकलं की पाठीकडे लावलेलं शर्टातून उठून दिसतं. पांढऱ्या टेरिकॉटच्या शर्टातून काळं होल्स्टर उन्हात सरळ दिसतं. आपल्याकडे जुने व्यापारी वरून जाकीट घालत, ते आजही चांगलं. फक्त त्याची बटणं लावू नका.

तुमच्या रिव्हॉल्वरचा घोडा, म्हणजे चाप ओढल्यावर गोळीवर आपटणारा मागचा भाग, बाहेर असतो, त्याचं वरचं टोक वळलेलं असतं. शर्टाखालून घाईने ओढलं की ते टोक बनियनच्या जाळीत अडकतं. नवा गनमन पहिल्यांदा शर्टाखालून हत्यार काढतो तेव्हा दहातल्या आठांचं हेच होतं. डाव्या हाताने शर्ट आणि बनियन दोन्ही छातीपर्यंत वर ओढायचं, तिथेच धरून ठेवायचं, मग उजवा हात खाली, अंगठा घोड्याच्या मागे, बोट चापाबाहेर. हत्यार पूर्ण बाहेर येईपर्यंत शर्ट सोडायचा नाही. हे रिकाम्या हत्याराने, भिंतीकडे तोंड करून, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून करायचं. आता हेच गाडीत बसून, सीट बेल्ट लावून करून बघा. बेल्टचं कुलूप बरोबर होल्स्टरवर येतं. तुमचा धोका गाडीतलाच आहे, आणि गाडीतच तुम्हाला ते काढता येत नाही, हे घरच्या पोर्चमध्ये कळलेलं बरं.

वडिलांचं हत्यार आहे म्हणून दोन गोष्टी. ते परवानाधारक दुकानात नेऊन तपासून घ्या. मधून मोडणारं असेल तर त्याची खिट्टी घट्ट बसते का, चेंबर घोड्यासमोर बरोबर थांबतो का, ते बघायला सांगा. तोवर घोड्याखालचा चेंबर रिकामा ठेवा. आणि वडिलांची जुनी काडतुसं वापरू नका. आपल्या पावसाळ्यात पितळ हिरवं पडतं, दारू ओल धरते, आणि नेमकी तीच गोळी फुसकी निघते. नवी घेताना परवाना दाखवून रिव्हॉल्वरचीच मागा. .३२ पिस्तुलाची आणि .३२ रिव्हॉल्वरची गोळी वेगळी असते, नुसतं बत्तीसची द्या म्हणू नका.

समजा, वेळ आलीच. भारतीय न्याय संहितेतली ३४ ते ४४ ही कलमं स्वसंरक्षणाची आहेत. जीव जाईल किंवा गंभीर इजा होईल अशी वाजवी भीती असेल तर समोरच्याचा जीव जाईपर्यंत बचाव करता येतो. दरोडा, जबरी चोरी, रात्रीची घरफोडी यांतही मालमत्तेसाठी तो हक्क तिथवर जातो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायचा हक्क कुठेच नाही. पिशवी हिसकून पळालेला पोरगा पाठमोरा पळतोय, तुमच्या अंगाला कुणी हात लावत नाही, अशा वेळी मागून गोळी घातलीत तर तुम्ही आरोपी. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दर्शन सिंग प्रकरणात म्हटलंय की धोक्यात सापडलेल्या माणसाने किती बळ वापरलं ते सोन्याच्या तराजूत तोलू नये. तो दिलासा खरा आहे, पण तो शेवटच्या कोर्टात मिळालेला आहे. तिथवर पोचायच्या आधी पंचनामा, जप्ती, अटक आणि तारखा आहेत. शिवाय गोळी गर्दीत कुणाला लागली तर त्याचा हिशेब वेगळा. निपाणीच्या बस स्टँडसमोर संध्याकाळी ज्याला नेम धरता येईल असा माणूस मी बघितलेला नाही, मी स्वतः धरणार नाही.

म्हणून पावणं, रागावू नका, पण पहिला प्रश्न पैशांचाच विचारतो. इतकी रोकड कशाला? आयकर कायद्याप्रमाणे २०१७ पासून एका माणसाकडून एका दिवसात किंवा एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, घेणाऱ्यालाच तेवढा दंड बसतो. मोठे शेतकरी आता स्वतःच खात्यावर मागतात. छोट्यांना रोख हवी असते, मान्य. ती गावातल्या बँकेतून त्याच दिवशी काढा, निपाणीहून नेऊ नका. वार बदला, रस्ता बदला, परतताना पिशवी रिकामी असू द्या आणि ती रिकामी असते हे चार लोकांना कळू द्या. एवढं केलं तर माझ्या मते तुम्हाला हंगामातले बहुतेक दिवस हत्यार घरच्या तिजोरीत ठेवून फिरता येईल, गोळ्या वेगळ्या कप्प्यात ठेवून.

काही दिवस तर ते बाहेर काढूच नका. १ नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव आणि दुसरीकडे आपला, सीमाभागातल्या मराठी माणसांचा, काळा दिवस. १७ जानेवारी आणि १ जून हे सीमालढ्यातल्या हुतात्म्यांचे दिवस, आणि डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असेल तेव्हा. या दिवसांत बंदी आदेश निघतात, त्यात हत्यार बाळगायला मनाई असते, आणि परवाना आहे म्हणून सूट मिळतेच असं नाही. गाडीत रिव्हॉल्वर घेऊन मिरवणुकीच्या रस्त्यात अडकलेला मराठी व्यापारी, ही बातमी कुणालाही हवीच असते. निवडणुकीत ठाण्याकडून जमा करायची नोटीस आली तर वेळेत करा, पावती घ्या, निकालानंतर आठवणीने परत आणा. महाराष्ट्राची निवडणूक असली तरी नाक्यांवर गाड्या तपासतात. पन्नास हजारांवरची रोकड कागदपत्रांशिवाय सापडली की अडकवून ठेवतात. तिच्या शेजारी रिव्हॉल्वर सापडलं तर त्या रात्री घरी जेवायला यायची आशा सोडा.

लग्नात आणि जत्रेत हवेत बार काढणाऱ्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी मित्रमंडळी आग्रह करतील म्हणून सांगतो. २०१९ पासून तो वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हत्याराबरोबर फोटो आणि रील काढून टाकणाऱ्यांचंही मला नवल वाटतं. झाकून बाळगायचं आणि आठवड्याने मोबाईलवर सगळ्या जिल्ह्याला दाखवायचं.

राहिला भावाचा प्रश्न. नाही चालणार. परवाना माणसाच्या नावाने असतो, घराच्या नावाने नाही. शस्त्र कायद्याच्या कलम ३ मध्ये थोडी सवड आहे. दुरुस्तीला किंवा नूतनीकरणाला न्यायचं असेल, किंवा तुमच्या वापरासाठी आणून द्यायचं असेल, तर तुमच्या समोर किंवा तुमच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरा माणूस ते नेऊ शकतो. तुमच्या जागी तो खरेदीला निघालाय आणि संरक्षणाला म्हणून गाडीत ठेवलंय, हे त्यात बसत नाही. तो पकडला गेला तर विनापरवाना तो, आणि हत्यार दुसऱ्याच्या हाती दिलं म्हणून तुम्हीही. त्याला खरंच गरज असेल तर त्याने स्वतःच्या नावाने अर्ज करावा, फॉर्म ए-१ भरावा, प्रशिक्षण घ्यावं. तोवर त्याच्या फेऱ्यांना बरोबर एक माणूस द्या, आणि रोकड देऊ नका.